न केलेल्या प्रवासाचा कर

१

पत्राच्या डाव्या कोपऱ्याशी सात मुंग्या जमल्या होत्या. टेबलावर चार पत्रं ओळीने उलगडून ठेवली होती. इतर तिन्हींकडे एकही मुंगी फिरकली नव्हती. चौथ्या पत्राच्या कोपऱ्यावर नखाएवढा तपकिरी डाग होता आणि सातही जणी त्या डागाभोवती तोंड लावून बसल्या होत्या.

फ्लोरा टीचरांनी त्यांना फुंकर मारली नाही. चष्मा नाकावर खाली ओढून त्या नुसत्या बघत राहिल्या. समोर बसलेल्या ग्रेसीचा जीव टांगणीला लागला होता, पण टीचरांना घाई करता येत नाही हे तिला शाळेपासून माहीत होतं. तीस वर्षं त्यांनी वसईच्या मुलींना रसायनशास्त्र शिकवलं होतं, आणि परीक्षानळीतला रंग बदलेपर्यंत वर्गात कुणाला बोलू दिलं नव्हतं.

ग्रेसीच्या हातात एक धनादेश होता, शंभर रुपयांचा. सकाळी पोस्टमनने लांबट खाकी पाकीट आणून दिलं तेव्हा ती मागच्या वाडीत पानवेलींना पाणी सोडत होती. पाकिटावर नवऱ्याचं नाव होतं: कॉन्रॅड घोन्साल्विस, वटार. आत धनादेशाबरोबर इंग्रजीत टाइप केलेल्या तीन ओळी होत्या. आपण १९ नोव्हेंबर १९८३ च्या विमानाने प्रवास केला नाही, म्हणून आपण भरलेला परदेश प्रवास कर परत करण्यात येत आहे.

ग्रेसीने त्या ओळी चार वेळा वाचल्या होत्या. प्रवास केला नाही? सगळी आळी टेम्पो करून सहारच्या विमानतळावर गेली होती. टेम्पोत रोझरीची प्रार्थना झाली, हार झाले, म्हाताऱ्यांनी कपाळावर क्रूस काढला. काचेच्या दारापलीकडे कॉन्रॅडने बॅग खाली ठेवून हात हलवलेला तिने या डोळ्यांनी पाहिला होता. आणि गेल्या चार महिन्यांत बहारीनचं तिकीट लावलेली चार पत्रं आली होती.

"अक्षर त्याचंच ना?" टीचरांनी विचारलं.

"त्याचंच. आणि आधी लिहून ठेवलेली नाहीत. मी विहिरीच्या पंपाचं विचारलं होतं, त्याचं उत्तर यात आहे."

"म्हणजे सरकार म्हणतं तो गेला नाही, आणि पोस्ट म्हणतं तो गेला."

ग्रेसीने इतका वेळ जिभेवर धरून ठेवलेलं बाहेर काढलं. शेजारच्या फ्लॉसीचा दीर असाच दुबईला गेला म्हणाला होता, आणि दोन वर्षांनी कल्याणला दुसरा संसार मांडून बसलेला सापडला होता. "टीचर, तसं असेल तर मला सरळ सांगा. मला कळायलाच हवं. पण आधी मला कळू दे, मग लोकांना."

लोक म्हणजे विशेषकरून नायगावच्या मॅग्डलीनबाई. कॉन्रॅडची बहीण पॉलिन हिचं त्यांच्या फ्रेडरिकशी जमत आलं होतं. मुलामुलीची पसंती झाली होती, पत्रिका तेवढ्या छापायच्या राहिल्या होत्या, पण कॉन्रॅड गेल्यापासून चार महिने मॅग्डलीनबाई तारखेचं विचारलं की 'बघू' म्हणत होत्या. ग्रेसीचे सासरे हयात नव्हते. घरातला एकुलता पुरुष परदेशात नाही आणि घरातही नाही असं कळलं, तर त्या 'बघू'चं काय होईल हे ग्रेसीला कुणी सांगायला नको होतं.

टीचरांनी मुंग्यांचं पत्र उचलून खिडकीच्या उजेडात धरलं. मग ते जुन्या घड्यांवरून हळूहळू मिटत नेलं. पाकिटात बसायला त्याला दोन घड्या पुरत होत्या, पण कागदावर आणखीही घड्या होत्या, फिकट आणि आधीच्या. त्यांवरून मिटल्यावर पत्र सुपारीच्या पुडीएवढं झालं, आणि तपकिरी डाग बरोबर बाहेरच्या अंगाला आला.

"पाकिटाला डाग नाही," टीचर म्हणाल्या. "म्हणजे हे पत्र पाकिटात जाण्याआधी कुठल्या तरी गोड वस्तूला चिकटून प्रवास करून आलंय. आता मला वाचून दाखव. चारही. तू शेजाऱ्यांना दाखवतेस तसं गाळून नको."

ग्रेसीने वाचलं. त्यात कंपनीच्या तक्रारी नव्हत्या, पगाराच्या बढाया नव्हत्या. इथे माझी तब्येत सुधारते आहे, कॉन्रॅडने लिहिलं होतं. आल्यापासून चार किलो वाढलो, दर सोमवारी वजन करतात. रोज दूध आणि अंडं मिळतं. दुपारी दोन तास पडून राहावंच लागतं. खिडकीतून समोर डोंगर दिसतो, सकाळी त्यावर चढणारी माणसं ठिपक्यांएवढी दिसतात. ती मोजत मी तुझी आठवण काढतो.

"कंपनी चांगली आहे," ग्रेसी सवयीने म्हणाली.

"साडी बदलून ये," टीचर उठत म्हणाल्या. "आपण बॅप्टिस्टकडे जातोय."

२

बॅप्टिस्टशेठचं ऑफिस वसईच्या बाजारात, बेकरीच्या वरच्या मजल्यावर होतं. भिंतीवर विमानांची चित्रं, टेबलावर मदर मेरी आणि टेलिफोन. अर्ध्या तालुक्याला आखातात त्यानेच पोचवलं होतं. फ्लोरा टीचरांना बघून तो खुर्चीतून उठला. त्याच्या दोन्ही मुली त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या.

टीचरांनी धनादेश त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो वाचला, हसला, आणि त्याचा हात खिशातल्या रुमालाकडे गेला. मग तो बराच वेळ बोलत राहिला. सरकारी कारभार, एकाचे कागद दुसऱ्याला, गेल्या वर्षी तर मेलेल्या माणसाला पासपोर्ट आला होता. धनादेश ठेवून जा, मी परत पाठवतो, ग्रेसीबाईंनी काही मनावर घेऊ नये.

"मग तो गेला म्हणता?"

"टीचर, मी स्वतः त्याला कागद हातात दिले विमानतळावर. नसता का गेला? धडधाकट माणूस." आपलं म्हणणं पक्कं करावं म्हणून त्याने कपाटातून एक फाइल ओढली आणि छातीच्या फोटोची काळी फिल्म काढून पुढे सरकवली. "हा बघा. कोपऱ्यात नाव आहे. छाती कशी, काचेसारखी साफ."

टीचरांनी फिल्म खिडकीवर धरली. ग्रेसीला तिच्यात पांढऱ्या फासळ्यांपलीकडे काही कळेना. टीचर मात्र फासळ्या सोडून वरच, खांद्यापाशी, बघत होत्या. त्यांनी फिल्म परत दिली, आभार मानले, आणि धनादेश ठेवून न जाता पर्समध्ये टाकला.

जिन्यात त्यांनी विचारलं, "ग्रेसी, कॉन्रॅडला मी लहानपणी ओळखत होते. दहा वर्षांचा असताना तो माडावरून पडला होता, नाही का?"

"हो. डाव्या खांद्याचं हाड अजून वर आलेलं आहे. वाकडंच जुळलं ते. शर्टाचं बटण लावताना तिथे कापड ताणतं."

"हाड वाकडं जुळलं की जन्मभर वाकडंच दिसतं," टीचर म्हणाल्या. "त्या फिल्ममधल्या माणसाची दोन्ही हाडं सरळ आहेत."



३

पायऱ्यांवर मागून चपलांचा आवाज आला. बॅप्टिस्टची कारकून क्लेमेंटीन दुपारचा डबा घेऊन खाली उतरत होती. चाळिशीची, सडसडीत, केसांचा घट्ट अंबाडा. ऑफिसात तिने एकदाही मान वर केली नव्हती. तिला ओलांडून जाऊ न देता टीचरांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, की करपरतीचा अर्ज कसा करतात हो?

क्लेमेंटीन थांबली. प्रश्न नियमाचा होता, आणि नियमाचं उत्तर द्यायला तिला कुणाची परवानगी लागत नसावी. मूळ पावती लागते, ती म्हणाली. तिकिटाचं न वापरलेलं पान लागतं. पासपोर्टावर देश सोडल्याचा शिक्का नसावा लागतो. आणि प्रवाशाची सही, विमानाच्या तारखेनंतरची. दुसऱ्याने केलेली चालत नाही.

"कॉन्रॅडच्या अर्जावर तारीख कोणती?"

"तेवीस नोव्हेंबर."

एकोणीसला विमान. चार दिवसांनी कॉन्रॅड याच इमारतीत बसून सही करून गेला होता, आणि घर तिथून सहा मैलांवर.

"शेठ म्हणाले होते, तिकिटाचे पैसे परत मागव, कराचं राहू दे, शंभर रुपयांसाठी कशाला कागद घालायचे," क्लेमेंटीन सांगत होती. तिच्या बोलण्यात ना राग होता ना माफी. "पण मी आजवर एकाही प्रवाशाचा कर बुडू दिलेला नाही. त्यांचा का बुडू देऊ? अर्जावर पासपोर्टातलाच पत्ता लागतो. तो वटारचा आहे. माझ्याकडून कॉन्रॅडनी कबूल करून घेतलं होतं की मी तोंडाने काही सांगणार नाही. मी तोंडाने काही सांगितलं नाही."

हे सांगताना तिने पहिल्यांदा ग्रेसीकडे पाहिलं. त्या नजरेतून ग्रेसीला कळलं की चार महिने या बाईने त्या धनादेशाची तिच्याइतकीच वाट पाहिली असणार.

"त्या दिवशी शेठ आणि कॉन्रॅड यांच्यात भांडण झालं?" टीचरांनी विचारलं.

"ते मला विचारू नका. एवढंच सांगते, त्या दिवसापासून आमच्याकडून जाणाऱ्या प्रत्येक माणसाच्या छातीचा फोटो माझ्यासमोर निघतो. दवाखान्यात मी स्वतः जाऊन बसते. तशी अट पडली." आणि ती डबा सावरत खाली गेली.

कुणी कुणाला घातलेली अट, हे तिने सांगितलं नाही.

४

"आता गोड वस्तू," टीचर म्हणाल्या.

वटारात ती ओळखायला रसायनशास्त्र लागत नाही. राजेळी केळी सोलून उन्हात सुकवायची, मधासारखी झाली की केळीच्या वाळक्या सोपटात बांधायची. सुकेळी. आखातात जाणारा प्रत्येकजण स्वतःच्या सामानाआधी आळीतल्या इतरांची पुडकी घेतो. कुणाच्या मुलाला, कुणाच्या जावयाला. दुसऱ्याचं पुडकं पोचवणं हा मुलखाचा अलिखित कायदा आहे. ते हरवणारा माणूस पुढे गावात मान वर करून चालत नाही.

कॉन्रॅडचा मित्र व्हिन्सेंट बहारीनला होता. त्याची आई सेलिनमावशी चर्चच्या मागे राहायची आणि दर महिन्याला कुणा ना कुणाबरोबर पुडकं धाडायची. ग्रेसीची पत्रंही व्हिन्सेंटच्याच पत्त्यावर जात. कॉन्रॅड लांबच्या छावणीत असतो, तिथे टपाल पोचत नाही, असं व्हिन्सेंटने कळवलं होतं.

सेलिनमावशी ओट्यावर बसून केळी पालटत होत्या. कॉन्रॅडचं नाव निघताच त्यांनी ओठ असे मिटले, जणू त्यांच्यावर कुलूप घातलं. आपल्याला काही ठाऊक नाही, आपण म्हातारी बाई, आपल्याला उन्हात डोळ्यांना दिसत नाही. ग्रेसी रडकुंडीला आली. टीचरांनी तिला डोळ्यांनी गप्प केलं.

"काही विचारायला नाही आलो, मावशी," त्या म्हणाल्या. "नोव्हेंबरात तुम्ही कॉन्रॅडबरोबर पुडकं दिलं होतंत, त्याची भरपाई द्यायला ग्रेसी आलीय. तो गेलाच नाही म्हणे. म्हणजे तुमची सुकेळी त्यानेच खाल्ली असणार."

मावशींचा हात केळ्यावर थांबला.

"कोन म्हनतं खाल्ली?"

"मग गेली कुठे? रस्त्यात टाकली असेल."

"टीचर हायस म्हनून काय वाट्टेल ते बोलशील?" सेलिनमावशी उठूनच उभ्या राहिल्या. "आळीतली सातच्या सात पुडकी त्यानं माझ्या दारात आनून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी, चर्चातली पयली मिस सुटायच्या आधी. स्वतःला उभं रावत नव्हतं. म्हनाला, मावशी, ज्याचं त्याला पोचव. कुनाचं एक केळं ठेवून घेईल असा तो माणूस नाय!"

बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. त्या मटकन खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावला. क्रूसावर हात ठेवून शपथ घेतली होती त्यांनी. पुढचं काहीही विचारलं तरी सांगणार नव्हत्या.

टीचरांनी विचारलंही नाही. पुडक्यातून पत्र बहारीनला जातं, व्हिन्सेंट ते पाकिटात घालून परत टाकतो, आणि ग्रेसीची पत्रं आईच्या पत्रातून उलटी धाडतो, हे आता उघड होतं. पण मावशींचा एक शब्द ग्रेसीच्या काळजात रुतून बसला होता. उभं राहवत नव्हतं.

५

चर्चच्या आवारातल्या बाकावर त्या दोघी बसल्या. टीचरांनी प्रयोगाचा निष्कर्ष सांगावा तसं, एकेक पायरी उतरत सांगितलं.

फिल्म कॉन्रॅडची नाही. मग त्याची खरी फिल्म का लपवावी लागली? साफ असती तर लपवावी लागली नसती. निरोगी माणसाची फिल्म त्याच्या नावाने लावली ती बॅप्टिस्टने; त्याला माणूस पाठवायचा होता. कॉन्रॅडला हे ठाऊक नव्हतं. विमानतळावर कागद हातात पडले, काचेच्या दाराआड त्याने फिल्म उजेडात धरली असेल, आणि आपलं मोडकं हाड तिच्यात दिसलं नसेल. कर भरून झाला होता. विमान उभं होतं.

"ऑक्टोबरात त्याला खोकला होता," ग्रेसी हळूच म्हणाली. "मी आलं-मध देत होते."

"आता पत्रं आठव. कामकऱ्याला दुपारी सक्तीने कोण झोपवतं? दर सोमवारी वजन कोण करतं? दूध आणि अंडी?"

उत्तराचा शब्द ग्रेसीला ठाऊक होता. तो शब्द त्या काळी घराघरांत कुजबुजूनच उच्चारला जात होता. ज्या घरात तो शिरला त्या घरातली मुलगी कुणी करत नसे.

"क्षय," टीचर स्वच्छ आवाजात म्हणाल्या. "जंतूने होतो, औषधाने बरा होतो. तो तुझ्यापासून पळाला नाही, ग्रेसी. त्याने घर सोडलं ते पॉलिनसाठी. आणि बघ, चार पत्रांत एकही वाक्य खोटं नाही. एकदाही त्याने 'बहारीन' हा शब्द लिहिला नाही. खोटं पाकिटावरच्या तिकिटाने सांगितलं. त्याने नाही."

ग्रेसीने पर्समधून पत्रं काढून पुन्हा पाहिली. खरंच नव्हता. चार महिने ती त्या ओळी आळीला वाचून दाखवत होती आणि त्या ओळी चार महिने तिला खरं सांगत होत्या.

"पण आहे कुठे?"

"व्हिन्सेंटने बहारीनचा फोटो पाठवला होता ना, तुमच्या घरी भिंतीवर आहे? सगळं सपाट आहे. आणि हा म्हणतो, समोर डोंगर, रोज सकाळी त्यावर माणसं चढतात. डोंगरावर शेळ्या चढतात, लाकूडतोडे चढतात. पण रोज, मोजण्याइतकी माणसं कुठल्या डोंगरावर चढतात?"

ग्रेसीने मान वर केली. वसईत वाढलेल्या कुणालाही, देऊळवाला असो की चर्चवाला, ते सांगावं लागत नाही.

"जीवदानी देवीचा डोंगर," ती म्हणाली. "विरार."

"चंदनसारच्या पुढे सिस्टरांचा छातीच्या रोगाचा दवाखाना आहे. त्याच्या खिडक्या डोंगराकडे आहेत. आपल्याकडचं कुणी रेल्वेच्या पूर्वेला जात नाही, म्हणून त्याने ती जागा निवडली असेल."

६

व्हरांड्यात ओळीने लोखंडी खाटा होत्या. शेवटच्या खाटेवर कॉन्रॅड पाय खाली सोडून बसला होता आणि शेजारच्या म्हाताऱ्याला पेरूची फोड कापून देत होता. गालांवर मांस आलं होतं. त्याने ग्रेसीला पाहिलं, सुरी खाली ठेवली, आणि उठायचं की बसायचं हे न कळल्यासारखा तसाच राहिला.

वाटेत ग्रेसीने पुष्कळ बोलायचं ठरवलं होतं. प्रत्यक्षात ती खाटेच्या कडेला बसली आणि म्हणाली, "पंपाचा वॉशर तू सांगितलास तोच बसवला. आता गळत नाही."

"बरं झालं," तो म्हणाला. टीचर सिस्टरांशी बोलायला म्हणून दूर गेल्या.

त्याने हळूहळू सांगितलं. टीचरांनी मांडलं होतं त्यात फारसा फरक नव्हता. काचेच्या दाराआड फिल्म पाहिली तेव्हा त्याला आधी हसू आलं होतं, की अरे, माझा खांदा कुणी नीट केला? मग समजलं. बाकावर बसून त्याने हिशेब केला. व्हिन्सेंटने लिहिलं होतं, एका खोलीत आठ जण झोपतात, खिडकी उघडता येत नाही. आठ जणांच्या आठ घरी बायकामुलं. शंभर रुपयांची पावती हातात होती, बाहेर टेम्पो अजून उभा होता, सगळी आळी विमान उडायची वाट बघत होती. बाहेर येऊन काय सांगणार होता? तो दुसऱ्या दाराने निघाला. रात्र स्टेशनावर काढली, पुडकी परत केली, इथे येऊन छाती तपासून घेतली, आणि चौथ्या दिवशी ती फिल्म घेऊन बॅप्टिस्टकडे जाऊन उभा राहिला. मी कुणाला सांगत नाही, म्हणाला, पण यापुढे एकाही माणसाची फिल्म बदलायची नाही. क्लेमेंटीनबाई समोर बसतील.

"स्वतःसाठी काही मागितलं नाहीस?"

"काय मागायचं?" त्याला खरोखर प्रश्न पडला.

ग्रेसीने त्याच्याकडे पाहिलं. सात वर्षांचा संसार झाला होता, आणि हा माणूस तिला माहीत आहे असं ती समजत होती. माडावरून पडलेला, कमी बोलणारा, पानवेलीची पानं चवडीत लावताना एकही फाटकं पान आत न घालणारा. ते शेवटचं ती आजवर नुसती सवय समजत आली होती.

घरी चल, ती म्हणाली. त्याने मान हलवली. दोन महिन्यांत सुट्टी मिळणार होती, पण मॅग्डलीनबाईंचा होकार येईपर्यंत तो वटारात पाऊल टाकणार नव्हता. पॉलिनचं झालं की मग काय म्हणायचं ते म्हणोत लोक.

तेव्हा ग्रेसी हसायला लागली. हसता हसता तिला रडू आलं, आणि शेजारचा म्हातारा पेरू खायचा थांबला. मॅग्डलीनबाईंचं 'बघू' कशासाठी होतं, हे तिने पत्रांतून मुद्दामच कळवलं नव्हतं, परदेशात बिचाऱ्याच्या जिवाला घोर नको म्हणून. बाप नसलेली मुलगी, भाऊ समुद्रापार. कुणाच्या हातून घेऊ तिला? त्याला येऊ दे, मग तारीख. असं त्या बाई चार महिने म्हणत होत्या.

तो बहिणीचं जमावं म्हणून घरी येत नव्हता, आणि तो घरी येत नाही म्हणून बहिणीचं जमत नव्हतं.

"आता खरं सांगितलं तर?" कॉन्रॅडने विचारलं. "क्षयवाल्याची बहीण म्हणून मोडलं तर?"

"मोडलं तर मोडलं," ग्रेसी म्हणाली.

७

नायगावच्या घराच्या पडवीत मॅग्डलीनबाई लोणच्यासाठी कैऱ्या चिरत होत्या. ठसठशीत बाई, मिठागरावर राबून हात दगडासारखे झालेले. पॉलिनला ग्रेसीने आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं. त्या मुलीने तासभर पानवेलीची पानं खुडली आणि मग म्हणाली, मीही येते. लपून लग्न नको मला. आता ती वहिनीच्या शेजारी ताठ बसली होती.

ग्रेसीने सांगितलं. काही गाळलं नाही. विळीवर कैरी कापल्याचा आवाज मध्येमध्ये येत होता. क्षय हा शब्द आला तेव्हा विळी थांबली. फ्रेडरिक दारात उभा होता, त्याने काही बोलायला तोंड उघडलं, पण आईने हात वर केला आणि तो थांबला.

"म्हनजे चार महिने तू मला खोटं सांगत व्हतीस, बहारीन बहारीन?"

"मला स्वतःला ठाऊक नव्हतं."

"आनि ठाऊक झाल्यावर किती दिवस झाले?"

"तीन."

मॅग्डलीनबाईंनी उरलेली कैरी कापली. मग टीचरांकडे वळल्या. दवाखान्याचा कागद आणलाय का? टीचरांनी वाचून दाखवला. थुंकी तीनदा तपासली, तिन्ही वेळा जंतू नाहीत. अजून वर्षभर गोळ्या घ्यायच्या, पण त्याच्यापासून आता कुणाला धोका नाही. नक्की नाही? नक्की नाही, टीचर म्हणाल्या. मी उद्या त्याच्या ताटात जेवेन. मॅग्डलीनबाईंनी तो कागद मागून घेतला, वाचता येत नसतानाही खालीवर करून बघितला, आणि शिक्क्यावर अंगठा फिरवला.

मग त्यांनी असा प्रश्न विचारला ज्याची ग्रेसीने तयारी केली नव्हती.

"विमानात बसायला त्याला कुनी अडवलं व्हतं?"

"कुणी नाही."

"फिल्म साफ व्हती. कागद पुरे व्हते. कर भरला व्हता. बसला असता तर कुनाला कळलं नसतं."

"नसतं कळलं."

"मग बसला का नाय?"

"एका खोलीत आठ माणसं झोपतात म्हणाला."

मॅग्डलीनबाईंनी विळी आडवी केली, हात पदराला पुसले आणि पॉलिनकडे बराच वेळ बघत राहिल्या, जणू पहिल्यांदाच बघत होत्या. पॉलिनने नजर खाली केली नाही.

"फ्रेडरिक," त्या मुलाकडे न बघताच म्हणाल्या, "सायकल काढ आनि फादरना सांगून ये. लगीन मेच्या दुसऱ्या रविवारी. आनि पोरीचा हात धरून तिला चर्चात आनील तो तिचा भाऊ. दुसरा कुनी नाय."